सासूबाईंचे इंग्रजी शब्द

आमच्या घरात खाती वाटून दिलेली होती. विहीर, मोटार आणि ऊस मामांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. ट्रॅक्टर माझ्या नवऱ्याकडे. चूल, जनावरं, पाव्हणेरावळे आणि कुणी रुसून बसलं तर त्याची समजूत काढणं, एवढं सगळं आत्याबाईंकडे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आणि इंग्रजी हे खातं माझ्या थोरल्या दिरांकडे होतं. त्यांना सगळं घर दादा म्हणायचं, आणि गावातली त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा दादाच म्हणायची.

दादा पुणे-नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आमच्या गावात, निमोण्यात, तेव्हा कंपनीची बस येऊन एखाद्या माणसाला घेऊन जाते याचंच मोठं अप्रूप होतं. त्यात दादांच्या खिशाला दोन पेनं. नवीन मोटार आणली तेव्हा खोक्यातून एक इंग्रजी पुस्तक निघालं. दादांनी विहिरीच्या काठावर उभं राहून ते पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचलं. भावकीतली दहा-पंधरा माणसं हाताची घडी घालून ऐकत होती. दादा चौथ्या पानावर आले तोवर मामांनी वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि पाणी आलं. तरी पंचक्रोशीत नाव दादांचंच झालं. “दादांनी इंग्रजी वाचलं आन् मोटार चालू झाली,” असं लोक पुढं कितीतरी दिवस सांगत होते. मामांनीही कधी खोडून काढलं नाही. लेकाचं कौतुक होतंय तर होऊ द्यावं, आपलं काय जातंय!

रविवारी मात्र कहर असायचा. सकाळच्या एसटीनं शिरूरहून इंग्रजी पेपर यायचा. लिंबाखाली बाज टाकायची, उशाला तक्क्या द्यायचा, जाऊबाईंनी चहाचा कप स्टुलावर ठेवायचा आणि घरानं मुकाट व्हायचं. उखळात काही कांडायचं नाही, पोरांना मळ्यात पिटाळायचं. कारण त्या पेपरात मागच्या पानावर एक चौकट यायची. तिच्यात चार इंग्रजी अक्षरं दिलेली असायची. ती चारही ज्यात आहेत असे जास्तीत जास्त शब्द शोधायचे. अक्षरं पुढं असोत, मागं असोत, मधे दुसरी कितीही येवोत, पण चारही पाहिजेत. शेजारी बारीक टाइपात प्रतवारी दिलेली असायची. साठच्या वर शब्द सापडले तर असामान्य, चाळीसच्या वर उत्तम, वीसच्या वर ठीक. वीसच्या खाली काय ते छापलेलं नसायचं. दादांना त्याची गरज पडायची, म्हणून त्यांनी ते स्वतः ठरवून घेतलं होतं. ते म्हणायचे, “हा पेपर इंग्लंडातल्या लोकांना डोळ्यासमोर धरून काढलेला असतो. आपल्या हवामानात पंधरा म्हणजे उत्तम.”

मी खुटबावची. बारावीला माझे बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी चार मार्कांनी गेलं. वडिलांनी ज्या आठवड्यात निकाल बघितला त्याच आठवड्यात स्थळ बघितलं, आणि दौंड तालुक्यातली नापास मुलगी शिरूर तालुक्यात सून म्हणून पास झाली. सासर चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण ते चार मार्क मला जेवू देत नव्हते. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं, एकच विषय सोडवायचा आणि बारावी पास असा शिक्का घ्यायचा, एवढीच माझी इच्छा होती. फॉर्म भरायची शेवटची तारीख पंधरा दिवसांवर आली तेव्हा मी धीर करून नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, “मामांना इचार.” म्हणजे त्याच्या वडिलांना, पण माझ्याशी बोलताना तोही त्यांना मामाच म्हणायचा. मामांनी क्षणभर आढ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “इंग्रजीचं हाय ना? मग थोरल्याला इचार. त्यातलं मला काय कळतंय.”

झालं का! थोरल्या दिरांना विचारायचं कसं? आमच्यात सुनेनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर सोडायचा नाही आणि थेट बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर मधे तिसरं माणूस लागतं. तिसरं माणूस म्हणजे आत्याबाई. मी दाराच्या आड, दादा बाजेवर, दोघांत फार तर आठ हातांचं अंतर, आणि मधे ओट्यावर लसूण सोलत आत्याबाई.

“आत्याबाई, त्यांना म्हणावं, मला परीक्षेला बसायचंय.”

“ती म्हणती, तिला परीक्षेला बसायचंय.”

“तिला म्हणावं, एकदा बसून झालं की.”

“त्यो म्हणतोय, एकदा बसून झालं.”

सगळं दोन्हीकडं नीट ऐकू जात होतं, तरी प्रत्येक वाक्य आत्याबाईंच्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचलं असं धरायची सोय नव्हती. दादांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना सुचलं. म्हणाले, “तिला सांगा, या रविवारचं कोडं ह्ये असं हाय. जी, एच, टी, आर. पुढल्या रविवारी पेपर यायच्या आत माझ्यापेक्षा एक तरी शब्द जास्त आणून दाखव. फॉर्म मी सोता घेऊन जाईन मोटारसायकलीवरून. न्हाई जमलं, तर परत ह्या घरात परीक्षेचं नाव काढायचं न्हाई.”

“डिक्शनरी चालेल का इचारा,” मी आतून म्हणाले.

“चालंल की. डिक्शनरीत शब्द असत्यात, अक्कल नसती.” हे त्यांनी इतक्या खुशीत म्हटलं की आत्याबाईंना पोचवायचंही राहून गेलं.

माझ्या बारावीच्या पुस्तकांत एक छोटी डिक्शनरी होती. मी दळण, भाकरी, धुणं उरकून दुपारी ती घेऊन बसायची. आणि बसायची म्हणजे काय, दहा मिनिटांत कुणीतरी हाक मारायचं. सोमवारी पाच शब्द झाले. मंगळवारी सहा. अडचण अशी की मी प्रत्येक शब्द वाचत होते. वाचला की त्याचा अर्थ बघावासा वाटे, अर्थ बघितला की मार्च महिन्यातला परीक्षेचा पेपर आठवे, आणि तो आठवला की रडू येई. बुधवारी दुपारी मी डिक्शनरी मिटली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले. अकरा शब्दांत माझी बारावी संपली होती.

आत्याबाई शेण काढत होत्या. म्हणाल्या, “काय हुडकतीस गं तीन दिस?”

मी सांगितलं. चार अक्षरं दाखवली. त्या हात धुऊन आल्या, पदराला पुसले आणि पुस्तक लांब धरून बघायला लागल्या. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तर इंग्रजीचं काय येणार? पण चाळिशीपर्यंत त्या मेंढरांमागं चालल्या होत्या. विहिरीला पाणी लागलं, ऊस आला, मग मामांनी मेंढरं विकली. त्याआधी वर्षातले आठ महिने पालावर, आणि एका वाटेवर तीन-चार कळप एकत्र आले की संध्याकाळी आपली मेंढरं निवडून बाजूला काढायचं काम त्यांचं. दीडशे-दोनशे मेंढरं त्या तोंडावरून ओळखायच्या. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. पण आपल्या घरातल्या बायकांना काय येतं हे आपण ऐकतो आणि सोडून देतो.

“म्हंजी ही चार आपली,” त्या म्हणाल्या, “आन् ही दुसऱ्याच्या कळपात शिरल्यात. असंच ना?”

“असंच.”

“वळीनं उभी पाह्यजेत का?”

“नाही. कुठंही चालतील.”

“मग त्यात काय अवघड? मेंढरं काय शाळंत चालल्यात वळीनं चालायला?”

त्यांनी आधी चारही अक्षरं डिक्शनरीतल्या छोट्या लिपीत बोटानं दोन-तीनदा गिरवली आणि आकारावरून त्यांना नावं दिली. जी गाभण. एच खुर्ची. आर कोंब. टी आकडी, म्हणजे मेंढपाळ जिनं बाभळीची फांदी खाली ओढतात ती. मग डाव्या हाताला वाटीत गेरू कालवून घेतला. मेंढराच्या पाठीवर खूण करतात तशी शब्दावर खूण करायची, असं त्यांचं साधं गणित. मी म्हटलं, “आत्याबाई, फक्त जाड छापलेले बघा, बारीक सोडून द्या.” त्या म्हणाल्या, “कोकरं सोडायची, कळलं,” आणि पहिलं पान उघडलं.

मी बघतच राहिले. त्या वाचत नव्हत्या ना! त्यामुळं कुठं अडत नव्हत्या. पान उघडलं की वरून खाली एक नजर, पुन्हा खालून वर एक नजर, आणि टचकन गेरूचं बोट. माझी नजर जिथं चार वेळा घसरली होती तिथून त्यांनी एक शब्द काढला आणि म्हणाल्या, “ह्यो बघ, गाभण पार मागं जाऊन बसलीय.” कधी कधी चुकायच्या. जीसारखं क्यू दिसतं, त्याला फसल्या. एकदा सांगितलं की त्या पुन्हा फसल्या नाहीत. मी मागून गेरूचे शब्द वहीत उतरवत होते. ब्राइट, डॉटर, टुगेदर, स्ट्रेट, फोटोग्राफ, नाइटमेअर, फ्राइट. अर्थ विचारायच्या फक्त एखाद्याच शब्दाचा, दिसायला आवडला तर. एक लांबलचक, मधे दोन आडव्या काड्या असलेला शब्द त्यांना फार आवडला.

“ह्यो कोण एवढा लांब?”

“डॉटर-इन-लॉ. म्हणजे सून.”

त्या खूश झाल्या. “सून सापडली का? बरं झालं. आन् सासू कुठंशी असंल?”

मी एमची पानं काढून मदर-इन-लॉ दाखवला. त्यांनी तो दोनदा नजरेखालून घातला आणि बोट मागं घेतलं. “ह्यात गाभण न्हाई,” म्हणाल्या, “सासू बसत न्हाई तुझ्या कोड्यात.” आणि एवढं हसल्या की गेरूची वाटी सांडता सांडता राहिली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. त्यांनी स्वतःची सगळी कामं पहाटेच उरकायला सुरुवात केली, आणि दुपारी मला हाक मारायच्या, “चल गं, कळप सोडू.” जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायच्या, पण माझ्या वाटणीची धुणी त्या धुऊन टाकायच्या. नवऱ्यानं एकदा येऊन बघितलं आणि परत ट्रॅक्टरवर गेला. त्याच्या खात्यात हे बसत नव्हतं. शनिवारी दिवस मावळायच्या आत झेडचं शेवटचं पान झालं. माझे अकरा धरून अठ्ठ्याहत्तर शब्द. मी पुन्हा मोजले. तरी अठ्ठ्याहत्तर. पेपरच्या भाषेत असामान्य!

रविवारी दादा बाजेवर बसले. हातात घडी घातलेला कागद. “तिला सांगा, माझे एक्केचाळीस.” आवाज असा की खुद्द पेपरवालाच त्यांच्या पाया पडायला यायचाय. मामा, माझा नवरा, जाऊबाई आणि शेजारची दोन माणसं जमली होती. आत्याबाईंनी तो कागद उगीच हातात घेतला, जरा लांब धरला, आणि म्हणाल्या, “आरं, ह्ये एका हातचं न्हाई. तिघांनी लिवलंय.”

दादांचं तोंड एवढंसं झालं. कारखान्यात दोघा साहेबांनी बसून त्यांना मदत केली होती, हे मग बाहेर आलंच. पण सुपरवायझर माणूस, सावरायला किती वेळ लागतो? म्हणाले, “शिकलेल्या माणसाला इचारलं तर त्याला सल्ला म्हणत्यात.”

मग माझी वही आणि डिक्शनरी आत्याबाईंच्या हातून त्यांच्याकडं गेली. वही त्यांनी शेवटच्या पानापर्यंत चाळली. मग डिक्शनरी उघडली. पानापानावर गेरू. आत्याबाईंच्या बोटांवरचा रंगही अजून गेला नव्हता. दादांनी एकदा पुस्तकाकडं बघितलं, एकदा आईच्या हाताकडं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“ह्ये आईनं हुडकल्यालं हाय व्हय! मग ह्ये धरायचं कसं? अडाणी माणसाचं इंग्रजी धरत्यात का कुठं? तिला सांगा, सल्ला शिकलेल्याचा चालतो. अडाण्याचा चालत न्हाई. तिचे सोताचे किती, तेवढं सांग.”

माझे स्वतःचे अकरा होते.

त्या वेळी मी खरं बोलू शकले असते. ज्या बाईनं चार दिवसांत आख्खी डिक्शनरी पालथी घातली ती अडाणी कशी, असं विचारू शकले असते. मामा न्यायाचे होते, त्यांनी कदाचित माझ्या बाजूनं कौल दिलाही असता. पण कदाचितवर भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. मला फॉर्म दिसत होता. शेवटच्या तारखेला पाच दिवस उरले होते. मी दाराआडून म्हणाले, “आत्याबाई, त्यांना सांगा, सगळे मीच शोधले. तुम्ही नुसता गेरू लावत होता.”

आणि हे त्यांनाच पोचवायचं होतं. दुसरं तोंड नव्हतं ना मधे! माझं बोलणं अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी सगळे आत्याबाईंकडं बघत थांबले. त्यांनी एकदा मान वळवून दाराकडं बघितलं. पदराआडून मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसला. मग लेकाकडं वळल्या.

“ती म्हणती, समदं तिनंच हुडकलं. मी नुसता गेरू लावत हुते.” आणि मग, मी सांगितलेलं नव्हतं तेही पुढं जोडलं, “खरंच हाय की. मला त्यातलं काय कळतंय?”

दादा शब्दाला जागले. इंग्रजीचं खातं सांभाळणाऱ्याला तेवढं करावंच लागतं. मोटारसायकलीवरून स्वतः गेले, भीमा ओलांडून माझ्या कॉलेजात फॉर्म भरून आले, आणि गावभर सांगितलं की धाकट्या सुनेचं इंग्रजी आपण एका आठवड्यात पक्कं करून घेतलं. लोकांनी मान डोलावली. मोटार चालू झाली होती, मग सून का होणार नाही! ऑक्टोबरला मी बसले आणि एक्केचाळीस मार्क घेऊन सुटले.

आत्याबाई त्या रविवारबद्दल मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मी एकदा पाय चेपताना “आत्याबाई, त्या दिवशी...” असं काढलं, तर म्हणाल्या, “कुठला दिस? गुडघ्यापाशी जरा जोरात दाब.” बोलल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. ह्या तर रागावल्याच नव्हत्या. त्यांना त्यात नवीन असं काही वाटलंच नव्हतं बहुतेक.

बारावी पास असल्यामुळं मला पुढं गावातच अंगणवाडीवर घेतलं. हातात हजेरीपुस्तक आलं, लोक बाई म्हणायला लागले, दादासुद्धा मधे कुणाला न घालता माझ्याशी थेट बोलायला लागले. नोकरी करणाऱ्या सुनेला सगळे नियम जरा सैल होतात. आणि तिसऱ्या की चौथ्या वर्षी वरून कागद आले. गावात कोण साक्षर, कोण निरक्षर, घरोघर जाऊन लिहायचं. अर्धं गाव माझ्या वाट्याला. मी दोन दिवस फिरले. साठ वर्षांच्या एका आप्पांनी वर्तमानपत्र उलटं धरून “वाचतोय की” म्हणून दाखवलं, मी त्यांना साक्षर लिहिलं; म्हाताऱ्याचा मान राहिला. शेवटी आमचं घर आलं.

मामा, सही येते, साक्षर. दादा, नवरा, जाऊबाई, साक्षर. मग आत्याबाईंचं नाव, वय, आणि पुढं दोन चौकोन. माझं पेन तिथं थांबलं. त्या समोरच शेंगा निवडत बसल्या होत्या. दादा बाजेवर, मामा ओट्यावर. आता मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. फॉर्म भरून झाला होता, परीक्षा निघाली होती, नोकरी लागली होती. खरं सांगायला एवढी चांगली वेळ परत येणार नव्हती. पण सांगितलं असतं तर अंगणवाडीच्या बाईंची बारावी कशी झाली तेही सांगावं लागलं असतं.

आत्याबाईंनी शेंगांवरची नजर न उचलता म्हटलं, “थांबलीस का गं? न्हाई येत म्हणून लिही की.”

मला लाज वाटली. आणि तरी मी निरक्षरच्या चौकोनात फुली मारली. कागदाच्या तळाशी माहिती लिहून घेणाऱ्याची सही करायची होती. ती मी इंग्रजीत केली.